दारातला वारा

प्रवासाला निघालेला माणूस स्वतःचे काही छोटे लाड पुरवून घेतो. घरी पथ्य पाळणारा माणूस कल्याणच्या फलाटावर वडापाव खातो. ठाकुर्ली-डोंबिवलीची मंडळी आधी उलट कल्याणला जातात आणि तिथून खिडकी पकडून बसून येतात. कोणी शेजाऱ्याच्या खांद्यावर डुलकी काढतो. करू नये हे ठाऊक असते, पण करावेसे वाटते, अशा या गोष्टी. त्यांतली सर्वांत महाग पडू शकणारी गोष्ट म्हणजे लोकलच्या दारात उभे राहून वारा खाणे.

आपल्या वर्गातली दहावीची मुले उद्या कॉलेजला जाताना हेच करणार आहेत. ‘दारात उभे राहू नका’ हे त्यांनी शंभर वेळा ऐकलेले असते. ते पटत नाही, कारण दारातले सुख खरे असते. तेव्हा आधी ते सुख म्हणजे काय ते समजून घेऊ आणि मग त्याच्या किमतीचा हिशेब मांडू.

डबा किती तापतो?

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरातून दर सेकंदाला सुमारे १०० जूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे माणूस हा १०० वॅटचा एक दिवाच म्हणा. गर्दीच्या वेळी एका डब्यात ३५० माणसे आहेत असे धरू. एकूण उष्णता झाली ३५,००० वॅट, म्हणजे एक किलोवॅटच्या ३५ शेगड्या!

डबा सुमारे २० मीटर लांब आणि ३.६६ मीटर रुंद असतो. माणसांनी व्यापलेली जागा वजा केली तर आत साधारण १५० घनमीटर, म्हणजे १७० किलोग्रॅम हवा उरते. ती एक अंशाने तापवायला सुमारे १७० किलोजूल पुरतात. माणसांची निम्मी उष्णता जरी थेट हवेत गेली, तरी हवा एक अंश तापायला दहाच सेकंद लागतील. प्रत्यक्षात भिंती आणि बाके बरीच उष्णता शोषतात आणि दारे-खिडक्या उघड्या असतात, म्हणून इतके होत नाही. पण सिग्नलला गाडी थांबताच जीव का घाबरा होतो, हे यावरून कळते.

घाम येणे आणि घाम वाळणे

त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. बाहेरची हवाही तितकीच तापली की शरीरापुढे एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घामाचे बाष्पीभवन. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. म्हणून १०० वॅट बाहेर टाकायला २४ सेकंदांत एक ग्रॅम, म्हणजे तासाला १५० ग्रॅम घाम वाळायला हवा. इथे ‘वाळणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निथळून सदऱ्यात मुरलेल्या घामाचा शरीराला फारसा उपयोग होत नाही.

घाम वाळायला हवेत जागा लागते. ३५ अंशांना त्वचेलगतची संपृक्त हवा घनमीटरमागे सुमारे ४० ग्रॅम बाष्प धरते. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर हवेत २४ ग्रॅम बाष्प असते. फरक १६ ग्रॅमचा. गच्च भरलेल्या डब्यात ३२ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरली तर बाष्प ३० ग्रॅमवर जाते आणि फरक १० ग्रॅमच उरतो. त्यातून हवा स्थिर असेल तर त्वचेभोवती दमट हवेचा पातळ थर साचून राहतो. घाम येतो, पण वाळत नाही.

दारात पाऊल ठेवताच वारा हा थर उडवून लावतो. तुंबलेला घाम भराभर वाळतो आणि त्वचा थंड होते. यात सुख का वाटावे? मिशेल काबानाक या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९७१ साली मांडले, की शरीराला त्याच्या समतोलाकडे नेणारी संवेदना सुखद वाटते आणि समतोल आला की तिच्यातले सुख ओसरते. उकडत असताना गार पाण्यात बुडवलेला हात सुखावतो. थंडी वाजत असेल तर तेच पाणी नकोसे होते. म्हणूनच दारातली पहिली झुळूक सर्वांत गोड लागते.

वारा दुप्पट, फायदा दीडपट

आता मुख्य हिशेब. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला तर दाराबाहेर झुकलेल्या माणसाला सेकंदाला जवळजवळ १७ मीटर वेगाचा वारा लागतो. मग त्याला जास्त गारवा मिळतो का?

वाऱ्याचा वेग दुप्पट केला तर शरीराची उष्णता नेण्याची त्याची क्षमता दुप्पट होत नाही. ती सुमारे दीडपटच होते. शिवाय तिला एक मर्यादा आहे. शरीर जेवढा घाम तयार करते त्यापेक्षा जास्त घाम वाळणार कसा? सेकंदाला दोन मीटरचा वारा, म्हणजे झपाझप चालताना तोंडावर येतो तेवढा, शरीराला लागणारे तासाचे १५० ग्रॅम वाळवायला पुरेसा असतो. दारापासून पाऊलभर आत उभे राहूनही इतका वारा मिळू शकतो.

उलट, अंगावर येणारा वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. दोन मीटरच्या जागी १७ मीटरचा वारा घेतला तर जोर सत्तर पटींहून जास्त होतो. शरीराचा निम्मा चौरस मीटर भाग बाहेर असेल तर हा जोर सुमारे आठ किलोग्रॅम वजनाइतका भरतो, आणि तो पेलायचा असतो घामट हाताने धरलेल्या दांड्यावर.

वर्गात करून पाहा

प्रयोगशाळेतल्या साध्या तापमापीच्या फुग्याला सुती कापडाची पट्टी गुंडाळा आणि ती खोलीच्या तापमानाच्या पाण्याने भिजवा. (ताप मोजायची तापमापी इथे चालणार नाही.) आधी बंद हवेत, मग पंखा हळू लावून, मग जोरात लावून दर अर्ध्या मिनिटाला तापमान टिपा. प्रत्येक वेळी पट्टी पुन्हा भिजवा. बंद हवेत पारा सावकाश उतरतो. हळू पंख्यात तो भरभर उतरून एका ठिकाणी थांबतो. जोराच्या पंख्यात त्या ठिकाणी लवकर पोचतो, पण त्याखाली जवळजवळ जातच नाही. मुलांना आलेख काढायला सांगा. हाच प्रयोग मे आणि जुलैमध्ये करून तुलना केली, तर पावसाळ्यात इतके का शिजायला होते हेही समजेल.

साठ सेंटिमीटर

आता किमतीकडे वळू. जुन्या मार्गांवर शेजारशेजारच्या दोन रेल्वेमार्गांच्या मध्यरेषांमधले किमान अंतर ४.२६५ मीटर ठरलेले आहे. त्यातून डब्याची रुंदी ३.६६ मीटर वजा करा. समोरासमोरून जाणाऱ्या दोन डब्यांमध्ये उरतात सुमारे ६० सेंटिमीटर. दोन्ही गाड्यांच्या दारांतला एकेक प्रवासी ३० सेंटिमीटर बाहेर आला की अंतर शून्य. पाठीवरची सॅक तर याहून जास्त जागा घेते. दोन्ही गाड्या ताशी ६० किलोमीटरने येत असतील, तर माणूस दचकून अंग आत घेईपर्यंतच्या पाव सेकंदात त्या एकमेकींच्या दिशेने आठ मीटर सरकलेल्या असतात.

वळणावर आणखी एक अडचण येते. डबा सरळ काठीसारखा असल्याने वाकत नाही. त्याचा मधला भाग वळणाच्या आत सरकतो, टोके बाहेर जातात आणि रुळांच्या उतारामुळे डबा कलतोही. अभियंते यासाठी वळणावर जादा अंतर ठेवतात. पण त्यांच्या हिशेबात डबा असतो, दाराबाहेरचा माणूस नसतो. ठाकुर्लीपासून काही स्थानकांवर असलेल्या मुंब्र्याच्या वळणावर ९ जून २०२५ रोजी दोन लोकल शेजारून जाताना दारांत लटकलेले प्रवासी एकमेकांना घासून खाली पडले आणि किमान चार जणांनी प्राण गमावले. ही माणसे हौसेने लटकत नव्हती. आत शिरायला जागाच नव्हती. या हिशेबाने त्यांची गर्दी कमी होणार नाही, हे मुलांशी बोलताना विसरू नये. तो उपयोगी पडेल ज्यांना आत जागा आहे आणि तरीही दार सोडवत नाही, त्यांना.

वारा सर्वांचा

दार हे डब्याचे नाकही आहे. तिथे चार माणसे दाटीने उभी राहिली की मागच्या शेकडो माणसांचा वारा अडतो. मग दारे बंदच का करू नयेत? वातानुकूलित लोकलमध्ये, मुंबईत २५ डिसेंबर २०१७ पासून, ती बंद असतात. मुंब्र्याच्या अपघातानंतर रेल्वेने साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारी दारे, दारांत झडपा, छतावर हवा खेळवणारी यंत्रे आणि डब्यांतून डब्यांत जायची वाट देण्याची योजना जाहीर केली.

यंत्रे किती मोठी हवीत, हे आपल्या आकड्यांवरून काढता येते. आतली हवा बाहेरच्यापेक्षा तीन अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल, तर निम्मी उष्णता, म्हणजे १७.५ किलोवॅट, वाहून न्यायला सेकंदाला सुमारे पाच घनमीटर ताजी हवा लागेल. म्हणजे दर अर्ध्या मिनिटाला डब्यातली सगळी हवा बदलायला हवी. हे गणित फळ्यावर मांडा आणि मुलांना एक प्रश्न द्या: दारे बंद असताना वीज गेली आणि गाडी दहा मिनिटे उभी राहिली, तर काय सोय असायला हवी?