दुधात कांदा, पण गहू नको!

ब्रिटिशांच्या 'संडे रोस्ट'सोबत ब्रेड सॉस नावाचा एक प्रकार वाढतात. नावातच ब्रेड! मग ज्यांना गव्हाचा कणही चालत नाही, त्यांनी काय करायचं? लीड्समधल्या एका स्वयंपाकघरात सापडलेलं हे उत्तर...

संडे म्हटलं की काय आठवतं? उशिरा उठणं, मटणाचा रस्सा आणि दुपारी ताणून दिलेली झोप, बरोबर? ब्रिटनमध्येही फंडा साधारण हाच. फक्त रश्श्याच्या जागी असतो 'संडे रोस्ट'. ओव्हनमध्ये भाजलेली अख्खी कोंबडी किंवा बीफचा मोठा तुकडा, खरपूस बटाटे, गाजर, मटार, यॉर्कशर पुडिंग आणि या सगळ्यावर ओतायला वाफाळती ग्रेव्ही. आठवडाभर सँडविचवर दिवस काढणारी मंडळी या जेवणाला मात्र एका टेबलाभोवती बसतात. ख्रिसमसला कोंबडीची जागा टर्की घेते, बाकी थाट तोच.

कोंबडी किंवा टर्की असली की टेबलावर एका वाडग्यात पांढरं, पेजेसारखं दाटसर काहीतरी असतं. तोच ब्रेड सॉस. कृती ऐकून मराठी माणूस दचकतोच. दूध घ्यायचं, त्यात लवंगा टोचलेला कांदा टाकायचा, तमालपत्र, जायपत्री, मिरी घालून मंद गरम करायचं. मग ते गाळून त्यात पावाचा चुरा शिजवायचा. वरून लोणी आणि किसलेलं जायफळ. दुधात जायफळ म्हटलं की आपल्याला बासुंदी आठवते, आणि इथे चक्क कांदा! 'अगं, विरुद्ध आहार आहे तो!' ही माझ्या आईची फोनवरची पहिली प्रतिक्रिया. पण चव घेतली की कळतं... मऊ, किंचित गोडसर, मागे रेंगाळणारी लवंग. भाजलेल्या चिकनचा कोरडा पांढरा भाग याच्याबरोबर एकदम सही लागतो.

हा सॉस म्हणजे मध्ययुगाची उरलेली खूण आहे. लोण्यात मैदा परतून सॉस दाट करण्याची पद्धत रुळण्याआधी युरोपातले आचारी त्यासाठी पावाचा चुरा किंवा वाटलेले बदाम वापरायचे. पावाने दाट केलेले बरेच सॉस काळाच्या ओघात गेले. इंग्लंडमध्ये हा टिकला. शिळा पाव वाया जायला नको, हा हिशेब तिथल्या आज्यांनाही आपल्या आज्यांइतकाच पक्का ठाऊक होता!

पण 'एवढासा' ब्रेडही नाही

माझी मामेबहीण लीड्सला असते. २०१९ मध्ये लग्न करून ती यॉर्कशरची सून झाली. सासर अस्सल इंग्रज. २०२२ मध्ये तिला सिलिअॅक डिसीज असल्याचं निदान झालं. त्याआधी बराच काळ नुसता थकवा आणि काही केल्या वर न येणारं हिमोग्लोबिन. लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. शेवटी रक्ताची खास तपासणी झाली, मग आतड्याची बायोप्सी, आणि उत्तर मिळालं.

सिलिअॅक म्हणजे डाएटचं फॅड नव्हे, बॉस. गहू, बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की अशा माणसाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. अन्नातलं पोषण शोषून घेणारं आतड्याचं अस्तर झिजतं. मग कितीही खा, अंगी लागत नाही. ब्रिटनमध्ये साधारण शंभरात एकाला हा आजार आहे आणि अनेकांना त्याचा पत्ताही नसतो. गोळी नाही, इंजेक्शन नाही. जन्मभर ग्लुटेन बंद, हाच उपचार.

हे शोधून काढायलाही बराच काळ गेला. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांनी १८८८ मध्ये या आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि इलाज असलाच तर तो आहारात आहे, हेही ओळखलं. पण आहारातलं नेमकं काय, ते त्यांना सापडलं नाही. तो मान डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा. गव्हाबद्दलचा त्यांचा संशय जुनाच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, ब्रेड मिळेना, तेव्हा त्यांचे हे छोटे पेशंट उलट सुधारताना दिसले! १९५० मध्ये डिके यांचा प्रबंध आला. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या संशोधकांबरोबर केलेल्या कामातून गव्हातलं ग्लुटेन हाच गुन्हेगार असल्याचं स्पष्ट झालं.

त्यामुळे 'थोडंसं चालतं' हा प्रकार इथे नाहीच. ब्रिटनमध्ये पाकिटावर 'ग्लुटेन फ्री' लिहायचं तर एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही. भारतातही मर्यादा तीच. मी तिकडे असताना आम्ही एका पबमध्ये गेलो. तिथल्या वेटरने ताईच्या ताटातलं यॉर्कशर पुडिंग उचललं आणि 'झालं ग्लुटेन फ्री!' म्हणून तेच ताट परत पुढे ठेवलं. खाली मैद्याची ग्रेव्ही तशीच. ताई हसली आणि तिने कॉफी मागवली. जेवलीच नाही.

वेगळा वाडगा

घरात अर्थात असं होत नव्हतं. ताईच्या सासूबाई तिच्यासाठी वेगळं काढून ठेवायच्या. ताई त्यांना नावाने हाक मारते, तिथली रीतच ती. मला काही ते जमलं नाही, मी आपली सरळ 'काकू' म्हणायला लागले आणि त्यांना ते आवडलंही. काकूंचा ब्रेड सॉस त्यांच्या आईकडून आलेला. टेबलावर मोठा वाडगा सगळ्यांचा आणि ताईसमोर एक छोटी वाटी. तिच्यात ब्रेड सॉस नाहीच, फक्त कॉर्नफ्लोअर लावलेलं दूध. ताई ते निमूट खायची. काकूंनाही ते खटकायचं. सुनेला आपल्या हातचं चालत नाही, हे कुठल्या सासूला आवडेल? 'खरंच इतक्याशा ब्रेडने त्रास होतो?' असं त्यांनी एकदा विचारलंही होतं. टोमणा नव्हता तो, पण ताईला लागला.

डिसेंबर २०२३ च्या एका रविवारी मीही त्या टेबलावर होते. ताईच्या वाटीतलं संपत आलेलं पाहून जिजूंच्या काकांनी प्रेमाने मोठ्या वाडग्यातला चमचा उचलला आणि तिच्या वाटीत सॉस वाढला. ताईने काटा खाली ठेवला. कोणी काही बोललं नाही. काका तर आपण काय केलं या विचारातच नव्हते. फक्त काकूंनी पाहिलं. त्या उठल्या, ताईचं ताट बदलून आणलं आणि बसताना एवढंच म्हणाल्या, 'पुढच्या रविवारी वाडगा एकच.'

सॉसला ग्लुटेन लागतंच कुठे?

गंमत म्हणजे काकूंच्या या हट्टाला विज्ञानाचाही पाठिंबा आहे. पोळीची कणीक ताणली जाते ती ग्लुटेनमुळे. ज्वारीत ते नाही, म्हणून तर भाकरी थापावी लागते. पाव फुगतो, जाळीदार होतो, तोही ग्लुटेनच्या जोरावर. पण सॉसला ना ताणायचं, ना फुगायचं! सॉस दाट होतो तो स्टार्चमुळे. गरम दुधात स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, झालं काम. हे स्टार्च तांदळात, मक्यात, बटाट्यात भरपूर असतं. म्हणजे ग्लुटेन फ्री पाव बनवणं महाकठीण, पण पावाचा सॉस बनवणं त्यामानाने सोपं.

'त्यामानाने' हा शब्द महत्त्वाचा. पुढच्या रविवारी ताईने विकतचा ग्लुटेन फ्री पाव आणला आणि काकूंच्या नेहमीच्या मापाने चुरा टाकला. दहा मिनिटांत पातेल्यात खळ तयार! चमचा उभा राहील अशी. कारण साधं आहे. ग्लुटेन नसलेला पाव एकसंध राहावा म्हणून त्यात झँथन गम किंवा इसबगोल घालतात. हो, तेच, आपल्याकडे रात्री कोमट पाण्यातून घेतात ते! दोन्ही गोष्टी भरपूर पाणी शोषतात. म्हणजे चुरा कमी हवा आणि दूध जास्त.

मग मी तांदळाच्या पिठीचा पर्याय सुचवला. सॉस सुरेख गुळगुळीत झाला. काकूंनी चव घेतली आणि व्हेटो वापरला. 'छान आहे, पण हा ब्रेड सॉस नाही.' त्यांच्या मते चुऱ्याचा कण जिभेला लागायलाच हवा आणि चमच्यातून सॉस अलगद, मऊ ढिगासारखा पडायला हवा. तिसऱ्या वेळी पावाचे तुकडे मंद ओव्हनमध्ये कोरडे केले, चुरा जवळपास एक तृतीयांश कमी घेतला आणि तोही दोन हप्त्यांत टाकला. काकूंनी चमचा तिरका केला, थांबल्या, आणि मान डोलावली. टेबलावर एकच मोठा वाडगा गेला. कोणीही कोणालाही वाढलं. सासरेबुवांनी तर दोनदा घेतला.

ग्रेव्हीतली लबाडी

फक्त सॉस बदलून भागत नाही हं! रोस्टमध्ये ग्लुटेन भलत्याच ठिकाणी लपलेलं असतं. कोंबडीच्या पोटात पावाच्या चुऱ्याचं स्टफिंग भरलं असेल, तर ट्रेमध्ये उतरणाऱ्या रसातही ते येतं. त्या रसाची ग्रेव्ही कॉर्नफ्लोअर लावून केली तरी बादच. म्हणून स्टफिंग वेगळ्या भांड्यात भाजायचं किंवा तेही ग्लुटेन फ्री पावाचंच करायचं. ग्रेव्हीला साधारण पाव लिटर रसामागे एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून लावलं की पुरे, फक्त एक उकळी नीट येऊ द्यायची. स्टॉक क्यूब, तयार ग्रेव्ही पावडर यांची लेबलं मात्र वाचायचीच. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१४ पासून गहू, बार्लीसारखे घटक यादीत उठून दिसतील असे छापावे लागतात, त्यामुळे काम सोपं होतं.

आणि आपली देशी फोडणी सेफ, असं वाटत असेल तर थांबा. हिंगाच्या डबीत अनेकदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं! ताईच्या वरणातला चोर हाच निघाला. आता ती तांदळाच्या पिठातला हिंग शोधून आणते.

करून बघा : ग्लुटेन फ्री ब्रेड सॉस (४ ते ६ जणांसाठी)

साहित्य : अर्धा लिटर फुल फॅट दूध, १ मध्यम कांदा, ६-८ लवंगा, १ तमालपत्र, १ लहान जायपत्री, ८-१० मिरी, ७५ ग्रॅम ग्लुटेन फ्री पांढऱ्या पावाचा चुरा, २५ ग्रॅम लोणी, २ चमचे क्रीम, जायफळ, मीठ.

कृती : पाव मंद ओव्हनमध्ये रंग न बदलता कोरडा करून भरड चुरा करा. कांदा सोलून अर्धा कापा, त्यात लवंगा टोचा. दुधात कांदा, तमालपत्र, जायपत्री, मिरी घालून उकळी फुटायच्या बेतात आणा आणि गॅस बंद करून तासभर झाकून ठेवा. गाळून दूध पुन्हा मंद आचेवर ठेवा. आधी दोन तृतीयांश चुरा टाका, पाच मिनिटं ढवळा, मग अंदाज घेत उरलेला. फार दाट वाटला तर गरम दूध वाढवा. शेवटी लोणी, क्रीम, मीठ आणि जायफळ. थांबला की हा सॉस आणखी आळतो, म्हणून वाढायच्या वेळीच करा.

टिप : तिकडचं तमालपत्र वेगळ्या झाडाचं. आपल्या तमालपत्राला दालचिनीसारखा वास असतो, म्हणून अर्धंच पान घाला.

पाहुणे येणार असतील तर...

तुमच्या मित्रमंडळींतही कोणीतरी 'मला ग्लुटेन चालत नाही' म्हणणारं निघेलच. त्यांना 'तुझ्यासाठी काय वेगळं करू?' असं विचारण्यापेक्षा सगळ्यांसाठीच चालेल असं काय करता येईल, ते आधी बघा. चाळणी, लाकडी चमचा आणि मिक्सरचं भांडं लख्ख धुऊन घ्या, किंवा वेगळंच वापरा. टोस्टर वेगळा हवा. पावाला लावलेली सुरी ज्यात बुडवली, तो लोण्याचा डबाही बाजूला ठेवा. शक्य असेल तेव्हा पूर्ण टेबलच ग्लुटेन फ्री करा, म्हणजे चमच्यांवर पहारा ठेवावा लागत नाही.

आणि हो, सतत थकवा, पोटाच्या तक्रारी, हटवादी अॅनिमिया असं काही तुमच्या बाबतीत असेल, तर स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. गहू आधीच बंद केला तर रक्ताच्या तपासणीत आजार सापडत नाही. आधी डॉक्टर, मग डाएट. सॉस काय, नंतर कधीही शिकता येतो!