दारू न पिणाऱ्यालाही लिव्हरचा कर्करोग का होतो?

गेल्या पावसाळ्यात सदरमधील आमच्या वस्तीतले एक भाऊ लिव्हरच्या कर्करोगाने गेले. वय अवघे ४६. मंगळवारी बाजारात हमाली करून त्यांनी तीन लेकरांना शिकवले. अंत्ययात्रेतच कुणीतरी कुजबुजले, "चोरून घेत असतील. त्याशिवाय लिव्हर जाते का?" ही कुजबुज वहिनींच्या कानावर गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही तं वीस वर्षं शेजारी राहिले. त्यांनी कधी थेंबाला हात लावला नाही जी. पंचशील घेतलं अन् पाळलं. आता मेल्यावर लोक त्यांना बेवडा म्हणून राहिले."

मी कारकून माणूस. शिक्षण बी.कॉम., डॉक्टरकीशी संबंध नाही. पण त्या माउलीला उत्तर देणे भाग होते. भाऊंच्या फाइलमधले कागद पाहिले. रक्ताच्या तपासणीत 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह' असे स्पष्ट लिहिले होते. मग जाणकार डॉक्टरांना विचारले, मिळेल ते वाचले. जे समजले ते समाजबांधवांपुढे ठेवतो.

विषाणू गुपचूप बसतो

हिपॅटायटिस बीचा शोध अमेरिकेतील डॉ. बरुच ब्लुमबर्ग यांच्या १९६० च्या दशकातील संशोधनातून लागला. त्याबद्दल त्यांना १९७६ साली नोबेल पुरस्कार मिळाला. हा विषाणू रक्तातून लिव्हरच्या पेशीत शिरतो आणि तिथे स्वतःच्या प्रती काढत राहतो. गंमत अशी की तो स्वतः त्या पेशीला सहसा मारत नाही. भाडेकरूसारखा गुपचूप राहतो. म्हणूनच लाखो लोक हा विषाणू अंगात घेऊन वर्षानुवर्षे कामधंदा करतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

मग लिव्हर खराब कोण करते? याचे उत्तर ऐकून मीही चकित झालो. ते काम बहुतांशी आपल्याच रक्तातील पांढऱ्या पेशी करतात, म्हणजे आपले संरक्षक!

अर्धवट राहिलेली लढाई

या पांढऱ्या पेशींमध्ये 'टी पेशी' नावाची एक फौज असते. लिव्हरच्या पेशीत चोर लपला आहे हे तिला कळते. पण घरात दडलेला चोर बाहेर काढता येत नाही, तेव्हा ती फौज घरच पाडते. चोरासकट पेशी मरते. मोठ्या माणसाला लागण झाली की बहुधा ही लढाई जोरात होते, डोळे पिवळे होतात, काही आठवड्यांत विषाणूचा बंदोबस्त होतो. १०० मोठ्या माणसांत ५ पेक्षाही कमी जणांच्या अंगात तो कायमचा राहतो.

नवजात बाळाचे तसे नसते. त्याची फौज अजून कच्ची असते. आईकडून जन्माच्या वेळी विषाणू आला तर १०० पैकी सुमारे ९० बाळांच्या अंगात तो मुक्काम ठोकतो. पुढे हे मूल मोठे होते, फौज जागी होते, पण तोवर चोर घरोघरी पसरलेला असतो. सगळे गाव पाडता येत नाही आणि चोर सोडवतही नाही. मग थोडी थोडी मारामारी वीस-तीस वर्षे चालते. पेशी मरतात, नव्या तयार होतात, पुन्हा मरतात. लिव्हरवर वण पडून ते कडक होते. त्यालाच सिरोसिस म्हणतात.

ऑफिसात संगणक नव्हता तेव्हा आम्ही रजिस्टरच्या नकला हाताने करीत असू. दहा पाने उतरवली तर चूक होत नसे. हजार पाने घाईघाईत उतरवली की आकडा चुकायचाच. नवी पेशी तयार होताना जुन्या पेशीच्या आराखड्याची अशीच नक्कल होते. लढाई जितकी लांबते तितक्या नकला वाढतात, चुका साचतात, आणि एखादी चुकलेली पेशी बेबंद वाढू लागते. तोच कर्करोग. शिवाय विषाणू स्वतःचा तुकडाही आपल्या पेशीच्या आराखड्यात घुसवतो, म्हणून सिरोसिस नसतानाही कधी कधी हा कर्करोग होतो.

ही नुसती कल्पना नव्हे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स संशोधन संस्थेत डॉ. फ्रान्सिस किसारी यांच्या चमूने १९९८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांच्या उंदरांच्या लिव्हरमध्ये जन्मापासूनच या विषाणूचे एक प्रथिन तयार होत असे. उंदरांचे शरीर त्याला आपलेच समजे, म्हणून लिव्हरला काही होत नसे. मग काही उंदरांना त्या प्रथिनाला शत्रू मानणाऱ्या पांढऱ्या पेशी दिल्या. त्यांच्या लिव्हरला सूज आली, ती महिनोन्महिने राहिली, आणि शेवटी कर्करोगाच्या गाठी झाल्या. पुढे २००२ साली याच चमूने त्या पेशींचे एक मारक शस्त्र औषधाने बोथट केले, तेव्हा उंदरांमध्ये कर्करोग रोखता आला.

थकलेली फौज

दुसरीही एक अडचण आहे. वर्षानुवर्षे लढून टी पेशी थकतात. त्यांच्या अंगावर 'पीडी-१' नावाचे एक बटण असते. ते दाबले गेले की त्या हात आखडता घेतात. कर्करोगाची गाठ नेमके हेच बटण दाबून ठेवते. म्हणजे जी फौज आधी नको तितकी लढली, तीच खऱ्या गरजेच्या वेळी गप्प बसते. हे बटण जपानच्या डॉ. तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ साली सापडले. २०१८ साली त्यांना नोबेल मिळाले. थकलेल्या फौजेला पुन्हा जागे करणारी औषधे २०२० पासून लिव्हरच्या पसरलेल्या कर्करोगात सुरुवातीलाच वापरली जाऊ लागली. पण ती फार महाग आहेत आणि सर्वांना लागू पडत नाहीत. हमालाच्या घराने त्यांच्या भरवशावर राहू नये. आपली खरी संधी लढाई सुरू होण्याआधी आहे.

माळ घालून लढाई थांबत नाही

आपल्याकडे डोळे पिवळे झाले की माळ घालतात किंवा 'कावीळ उतरवतात'. हातावरून चुन्याचे पाणी सोडले की पिवळे पाणी गळते. पण हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावला तर निरोग्याच्या हातूनही पिवळे पाणी गळेल! बहुतेकांची कावीळ आपोआप उतरते आणि नाव माळेचे होते. ज्यांच्या अंगात विषाणू कायमचा राहतो त्यांना तर पुष्कळदा कावीळ होतच नाही. डोळे पांढरे आहेत, म्हणजे लिव्हर ठीक आहे, असे समजू नका. 'शक्ती वाढवणारी' टॉनिकेही इथे कामाची नाहीत.

विदर्भात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचे डोळे लाल पेशी फुटल्यामुळे पिवळे दिसतात, ती विषाणूची कावीळ नव्हे. पण त्यांना वारंवार रक्त चढवावे लागते, म्हणून त्यांनी लस घ्यावी आणि हिपॅटायटिस बी व सी या दोन्हींची तपासणी करावी.

आपण काय करावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हिपॅटायटिस बी होता, आणि सुमारे ५५ लाखांच्या अंगात सी. यातले कितीतरी आपल्याच वस्त्यांत असतील.

पहिली गोष्ट, बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत हिपॅटायटिस बीची लस मिळालीच पाहिजे. आई-बहिणींनो, सुट्टी होण्याआधी कार्डावर नोंद पाहा. पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांनी असतात. तैवानने १९८४ साली बाळांना ही लस देणे सुरू केले आणि दहा वर्षांत तिथल्या मुलांमधील लिव्हरचा कर्करोग जवळपास निम्म्यावर आला. गरोदर बाईने रक्त तपासून घ्यावे. ती पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर आणखी एक संरक्षक इंजेक्शन देतात, आणि ती आपले दूध पाजू शकते.

दुसरी गोष्ट, घरात एकाला निघाला तर सर्वांनी तपासणी करावी. देशात २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू आहे. त्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. मेयो किंवा मेडिकलमध्ये जाऊन विचारा. हिपॅटायटिस सी साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. बीच्या गोळ्या विषाणूला दाबून ठेवतात, त्यामुळे लढाई थंडावते. त्या मनाने बंद करू नका. फौज एकदम उसळून लिव्हर निकामी होऊ शकते. डॉक्टर सांगतील त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. वापरलेली सुई आणि दुसऱ्याचे ब्लेड यांपासून दूर राहा.

भाऊंच्या घरी सर्वांची तपासणी केली. वहिनी आणि मुले निगेटिव्ह निघाली, त्यांनी लस घेतली. धाकटा भाऊ मात्र पॉझिटिव्ह निघाला. दोघांनाही जन्माच्या वेळी आईकडूनच आला असावा, असे डॉक्टर म्हणाले. त्या माउलीचा काय दोष? तेव्हा जगात कुठेच ही लस बाजारात नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गेलो तर धाकट्याचे ताट आणि पेला वेगळा काढून ठेवलेला. मी म्हटले, "हा रोग सोबत जेवल्याने, एका पेल्यात पाणी प्यायल्याने होत नाही. अन् वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवावे काय?" वहिनी काही बोलल्या नाहीत. उठल्या, आणि तो पेला घरच्या भांड्यांत नेऊन ठेवला.