टेम्पो ठरवण्याआधी एवढं विचारा

मैत्रिणींनो, रेणापूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवायचं म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता. पण भाडं नुसतं अंतरावर ठरत नाही.

गाडी पुण्याहून रिकामी परत येणार असेल, तर त्या डिझेलचे पैसेही आपल्याच भाड्यात धरतात. म्हणून पुण्याहून लातूरला माल टाकून परत निघालेली गाडी मिळते का बघा, स्वस्त पडते.

सामान किती, यावर छोटा हत्ती लागतो की आयशर, हे ठरतं. जुनं कपाट न्यायचं की इथंच विकायचं, ते आधी ठरवा.

टोल, हमाली, वरच्या मजल्यावर चढवायचे पैसे भाड्यात धरलेत का, ते विचारून कागदावर लिहून घ्या. नाहीतर सामान उतरवताना भांडण होतं, अन् गटातून काढलेलं कर्ज पुरत नाही.