तड्याच्या टोकाशी

मुंबईत प्रभादेवी आणि परळला जोडणारा एल्फिन्स्टन पूल १९१३ सालचा. १२ सप्टेंबर २०२५ला तो वाहतुकीसाठी बंद झाला. त्या जागी शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी दुमजली पूल व्हायचा आहे. केईएम आणि टाटा रुग्णालयांत जाणाऱ्यांचे हाल वर्तमानपत्रांतून आले. मला ओढ लागली ती रिव्हेट मारून जोडलेल्या तसल्या जुन्या गर्डरांची.

पोलाद थकतं. एक ट्रक त्याला मोडत नाही. लाखो वेळा ताण येऊन सुटला की रिव्हेटच्या भोकाच्या काठावर बारीक तडा जातो. ताण दुप्पट झाला तर झीज साधारण आठपट होते, म्हणून जादा माल भरलेली गाडी पुलाला फार महागात पडते.

तडा शोधायला रंग खरवडून लाल द्रव लावतात, पुसून टाकतात आणि वर पांढरी पूड फवारतात. थोड्या वेळाने पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. मग करायचं काय? रेघेच्या टोकाशी आणखी एक भोक पाडायचं! मला हे फार विलक्षण वाटतं. तड्याच्या अणकुचीदार टोकाशी ताण एकवटतो, गोल काठावर तो पसरतो. मात्र टोक नेमकं भोकात यायला हवं; दिसतं त्याच्या पुढेही तडा गेलेला असू शकतो. भोकाची कडा गुळगुळीत घासावी लागते, कारण ड्रिलचा ओरखडाही नव्या तड्याला पुरतो. नंतर दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावून बोल्ट आवळतात. जुन्या पोलादावर तपासणीशिवाय वेल्डिंग करत नाहीत, जोडालगत ते ठिसूळ होऊ शकतं.

रिव्हेटच्या गर्डरात अनेक पट्ट्या असतात. एकीतला तडा सहसा तिच्या कडेशी थांबतो. वेल्ड केलेला गर्डर एकसंध, तिथे तडा थेट पुढच्या भागात शिरतो. ही माझी खरी काळजी आहे, कारण शिवडी-वरळी उन्नत मार्ग खाडीवरच्या ज्या अटल सेतूला जोडायचा आहे, त्याचे मोठे गाळे वेल्ड केलेल्या पोलादाचे आहेत. वर पत्रा, खाली त्याला बंद पन्हाळ्या जोडलेल्या. ब्रिटनमधल्या १९६६च्या सेव्हर्न पुलाचा पृष्ठभाग याच जातीचा, आणि सत्तरच्या दशकातच त्याच्या वेल्डना तडे गेले. पुढे पत्रे जाड झाले, वेल्ड सुधारले. तरी पन्हाळीच्या आतून सुरू झालेला तडा खालून दिसत नाही, वरून डांबर झाकतं. लाल द्रव तिथे पोचतच नाही. ध्वनिलहरींचं यंत्र हातात घेऊन कुणीतरी खाडीवर लटकत वेल्डचा मीटर न् मीटर तपासायचा, नोंद ठेवायची आणि काही वर्षांनी तीच नोंद काढून पुन्हा तिथेच जायचं.