पळस्पे फाट्यावरची रांग

पहाटेचे चार. मे महिना. सीएनजीची रांग पंपाबाहेर पडून पळस्पे फाट्याच्या दिशेनं रस्त्याच्या कडेला लागलीय. वारा नाही. काचा खाली, इंजिनं बंद, मागच्या सीटवर पोरं एकमेकांवर कलंडलेली. डिकी गॅसच्या टाकीनं व्यापलेली, म्हणून बॅगा टपावर ताडपत्रीखाली आणि उरलेलं सामान मांडीवर. एक वहिनी मिक्सरचा खोका धरून बसल्यात. गावाला मिक्सर कशाला, हे विचारायचं नसतं.

पुढची गाडी सरकते. मागचे उतरून आपापली गाडी ढकलतात. चार हातांसाठी कोण इंजिन चालू करणार?

"खंय?"

"कुडाळाक. तुमी?"

"कणकवली."

ओळख एवढ्यावर होते आणि बोलणं लगेच भावावर येतं. 2023 च्या एप्रिलमध्ये मुंबईत सीएनजी किलोमागं आठ रुपयांनी उतरून 79 वर आला होता, तो अजून सगळ्यांच्या तोंडी आहे. कुडाळवाले मोबाइलवर हिशेब करतात. साडेचारशे किलोमीटर, किलोला पंचवीसचं अ‍ॅव्हरेज, म्हणजे अठरा किलो. आठ रुपयांनी एका फेरीचे 144 वाचले. "चौघांचो नाश्तो सुटलो," कणकवलीवाले म्हणतात. मात्र त्याच आठ रुपयांनी आणखी किती गाड्या या रांगेत आणून उभ्या केल्या, ते मागं वळून बघितलं की दिसतं. शेवटचे दिवे दिसत नाहीत.

कडेला खासगी बस थांबलीय. क्लीनर दारात लोंबकळत ओरडतोय, "राजापूर, कणकवली, सावंतवाडी!" भाडं विचारणारे विचारतात आणि मागं फिरतात. खासगी बसनं एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये, असा राज्याचा 2018 चा नियम आहे. एसटीचं स्वतःचं भाडं 2025 च्या जानेवारीत 14.95 टक्क्यांनी वाढलं. त्याआधी 2024 च्या मार्चमध्ये डिझेल दोन रुपयांनी उतरलं होतं, पण तिकीट उतरल्याचं कुणाला आठवत नाही. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मेच्या तारखा बघता बघता संपतात. पाच जणांचं कुटुंब गाडी काढतं ते बहुतेक इथेच हात टेकून. भाव उतरला तर तेवढाच मनाला आधार.

पंपाच्या छपराखाली पांढरा उजेड, गॅसचा वास. "उतरा, सगळ्यांनी उतरा! मोबाइल बंद!" झोपलेली पोरं खांद्यावर येतात. आजी काठी शोधतात. नळी जोडली जाते, फुस्स आवाज होतो, आकडे पळायला लागतात आणि मध्येच रेंगाळतात.

"दादा, प्रेशर किती?"

"एकशे ऐंशी."

दोनशे हवं होतं. गर्दीत टाकी पूर्ण भरत नाही. कणकवलीवाले तोंड वाकडं करतात. म्हणजे चिपळूणच्या अलीकडेच पुन्हा रांग, आणि तोवर ऊन डोक्यावर आलेलं असणार.

पलीकडे पेट्रोलची मशीनं मोकळी आहेत. एक गाडी येते. "झिरो बघा, साहेब." दोन मिनिटांत टाकी फुल्ल. गाडीवाले काका पाय मोकळे करत आमच्याकडे बघतात, जरा दयेनंच. त्यांना 2022 चा मे आठवतो. मुंबईत पेट्रोल 120.51 होतं. 21 तारखेच्या संध्याकाळी केंद्रानं कर कमी केला आणि दुसऱ्या दिवशी दर 111.35 झाला. "तोवर आम्ही गावाहून परत आलो होतो," काका सांगतात. सुट्टी पोरांच्या परीक्षेवर आणि आंब्यावर ठरते. दिल्लीला त्याचं काय!

आता काकांनी नवी योजना आखलीय. गोव्यात कर कमी, पेट्रोल स्वस्त. परतीच्या आदल्या दिवशी सावंतवाडीहून बांद्यापुढं पत्रादेवीला जायचं, टाकी काठोकाठ भरून घ्यायची. किती वाचेल, याचा आकडा त्यांच्याकडे तयार आहे. पत्रादेवीला जाण्यायेण्याचं पेट्रोल त्यात धरलेलं दिसत नाही.