शिडी कोणाच्या कारखान्याची?

दांडेलीच्या रानातील लाकूड ज्या जंक्शनातून रवाना होत असे, त्या आमच्या अळणावरात दुमजली इमारतीपलीकडे मान वर करण्याचा प्रसंग विरळाच. तथापि याच कर्नाटक राज्याच्या राजधानीत अग्निशमन खात्याच्या दिमतीस 2022 साली 90 मीटर उंचीचे ब्रोंटो बनावटीचे शिडीयंत्र रुजू झाले, तेव्हापासून या शिड्यांच्या कारखानदारांविषयीचे माझे कुतूहल दुणावले आहे.

जर्मनीतील उल्म येथील मागिरुस यांनी 1872 साली भिंतीच्या आधारावाचून उभी राहणारी, चाकांवरची शिडी सिद्ध केली. कार्ल मेट्झ यांचा कारखाना याहूनही जुना, 1842 चा. तो पुढे ऑस्ट्रियाच्या रोझेनबाउअरकडे गेला. या दोहोंची फिरत्या बैठकीवरील शिडी झटपट उभी राहते आणि तिच्या पायऱ्यांवरून माणसे एकामागून एक सलग उतरू शकतात. फिनलंडच्या ब्रोंटोची रीत निराळी: घडीच्या बाहूच्या टोकाशी पिंजरा, त्यावर पाण्याची तोफ, उंचीत हिला तोड नाही, मात्र पिंजऱ्यात मावतील तितक्यांचीच एका खेपेस सुटका.

खरेदीचा मसुदा करणाऱ्यांनी केवळ उंचीच्या आकड्याला भुलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जर्मन शिडीवरील 23-12 या खुणेचा अर्थ असा, की इमारतीपासून 12 मीटर अंतरावर राहूनही ती 23 मीटर उंची गाठते. शिवाय गाडीचे आधारपाय दोन्ही बाजूंस पसरल्याखेरीज शिडी पूर्ण क्षमतेने चालत नाही, आणि आमच्याकडच्या पेठांत तेवढी रुंदी हातगाड्या हटविल्यावरच मिळते.