दिवाळं वाजलं म्हणजे नेमकं काय झालं?

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एखादं दुकान आठ दिवस बंद दिसलं, की चहाच्या गाड्यावर बोलणं सुरू होतं : ‘गेलं, दिवाळं वाजलं त्याचं.’ पैसे अडकले तरी दिवाळं, धंदा बंद केला तरी दिवाळं, माणूस गाव सोडून गेला तरी दिवाळंच. कायद्याच्या लेखी यातल्या एकाही गोष्टीनं कुणी दिवाळखोर होत नाही. त्यासाठी कोर्टाचा हुकूम लागतो. घेणेकऱ्यांना चुकवायला गाव सोडलं, तर ते फार तर सावकाराला कोर्टात अर्ज करायला कारण होतं.

कायद्याच्या मराठीत यासाठी ‘नादार’ असा शब्द आहे. फारसीतून आलेला साधा शब्द, अर्थ एवढाच, की ज्याच्याकडे नाही तो. आपल्या आजोबांच्या पिढीला तो शाळेतून ठाऊक होता. फी परवडत नसेल तर मुलाला ‘नादारी’ मिळायची आणि त्यात कुणाला गुन्हा दिसत नव्हता. ‘दिवाळखोर’ या शब्दात मात्र भांडखोर, लाचखोर यांच्यातला ‘खोर’ येऊन बसला आहे. बुडणं ही जणू त्या माणसाची खोडच. माझ्या मते निम्मे गैरसमज या एका प्रत्ययानं पसरवले. जुन्या पेठांत अशी रीत सांगतात, की देणी फिटेनाशी झाली की व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून बसे, आणि दिवाळं हा शब्द त्यावरूनच आला. ही व्युत्पत्ती खरी असो वा नसो, चारचौघांत उघड कबुली द्यायची, हा त्यातला भाव आजच्या कायद्यातही आहे.

कायदा कोणता, यावरही घोळ होतो. ‘आता २०१६ची नवी दिवाळखोरी संहिता आहे, सगळं तिकडंच’ असं सांगणारे भेटतात. ती संहिता आज मुख्यतः कंपन्यांसाठी चालते. महाराष्ट्रातल्या कंपनीचा अर्ज राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढं जातो आणि मार्च २०२०पासून त्यासाठी थकबाकी किमान १ कोटीची लागते. व्यक्तींसाठीचा भाग लागू झाला आहे तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांना, १ डिसेंबर २०१९पासून. शिरोली किंवा गोकुळ शिरगावातल्या फाउंड्रीमालकानं हे नीट वाचावं. कंपनी ‘लिमिटेड’ असली तरी बँकेच्या हमीपत्रावर सही केली असेल, तर राहतं घरही धोक्यात येतं. किराणा दुकानदार, शिवणयंत्र चालवणारी बाई, एकट्याच्या नावावर वर्कशॉप असलेला माणूस, यांच्यासाठी मात्र अजून १९२०चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. त्यांनी मुंबई गाठायची गरज नाही, अर्ज इथल्या जिल्हा न्यायालयाच्या अखत्यारीत येतो.

‘अंगावरच्या कपड्यांसकट सगळं नेतात’ ही भीती सर्वांत मोठी आणि सर्वांत चुकीची. सुभाषनगरातला चप्पल कारागीर डोळ्यांसमोर आणा. रापीनं तळ कापतो, आरीनं भोक पाडतो आणि चामड्याच्या वादीनं शिवतो. त्याच्यावर कितीही हुकूमनामे झाले तरी ती रापी आणि ती आरी जप्त करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० कारागिराची हत्यारं वाचवतं. अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची भांडी, मंगळसूत्र, शेतकऱ्याची अवजारं, बियाणं आणि त्याचं राहतं घर, आयुर्विम्याची पॉलिसी, भविष्यनिर्वाह निधी हेही त्यात येतं. नादारीच्या अर्जातही ही सूट टिकते. जे तारण ठेवलं आहे, त्यावरचा बँकेचा हक्क मात्र कुठंही जात नाही.

तुरुंगाचं काय? प्रामाणिकपणे फेडताच येत नसेल, तर नुसत्या गरिबीसाठी माणसाला डांबता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सांगितलं. चेक न वटण्याचा खटला फौजदारी आहे आणि तो वेगळा चालतो. मालमत्ता लपवणं, खोटे हिशेब दाखवणं हाही गुन्हाच.

उलट्या बाजूचा गैरसमजही तितकाच घातक : ‘कोर्टात गेलं की कर्ज माफ.’ नादार ठरल्यावर तुमची मिळकत कोर्टाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, सगळा हिशेब मांडावा लागतो आणि मुक्ततेचा हुकूम होईपर्यंत आमदार-खासदार होता येत नाही. मुक्तता मिळाली तरी सरकारी देणं, फसवणुकीनं काढलेलं कर्ज आणि पोटगी सुटत नाही. आणि जामीनदारही सुटत नाही. पतसंस्थेत मित्राच्या कर्जाला ‘नुसती सही’ केलेल्यांनी हे लक्षात ठेवावं. मित्र मोकळा होईल, तुम्ही अडकून राहाल.

बँकेच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. २४ डिसेंबर २०२०ला रिझर्व्ह बँकेनं कोल्हापूरच्या सुभद्रा लोकल एरिया बँकेचा परवाना रद्द केला. ‘बँक बुडाली’ असाच अर्थ अनेक जण लावतील. पण सर्व ठेवीदारांना परत देण्याइतकी रोकड बँकेकडं आहे, असं त्याच आदेशासोबत रिझर्व्ह बँकेनं म्हटलं होतं. परवाना जाणं आणि दिवाळं निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय ठेव विम्याचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण सहकारी बँकेलाही आहे. पतसंस्थेला ते नाही.

कर्ज डोक्यावरून जायला लागलं असेल, तर कळकळीनं एकच सांगणं आहे. घर बायकोच्या किंवा भावाच्या नावावर करू नका. अर्जाआधीच्या २ वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं आणि तुमचा प्रामाणिकपणाच संशयात येतो. वह्या, पावत्या, नोटिसा एका पिशवीत घाला आणि वकिलाकडे जा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथं उत्पन्न न पाहता वकील मोफत मिळतो.